वेळासच्या टोपलीवरची तारीख आणि वाळूतलं ऊन

मृदगंध (विजापूर रोड, सोलापूर)
९ मार्च, रात्री १०.१२

आज दुपारी कोकणातल्या वेळासहून घरी पोहोचलो. पिशव्यांतली वाळू अजून झटकायची आहे, पण हे आजच लिहून ठेवते.

शुक्रवारच्या सकाळी किनाऱ्यावर असायचं म्हणून आम्ही गुरुवारी पहाटे चारला सोलापूर सोडलं. पुणे, ताम्हिणी, माणगाव करत बागमांडल्याला पोहोचलो, फेरीबोटीत गाडी घालून खाडी ओलांडली आणि वेसवीहून बाणकोटच्या अंगाने वेळासला उतरलो. नाना फडणवीसांचं गाव. माझी लेक सहावीत आहे. तिला समुद्र दाखवायचा होता आणि मला कासवं बघायची होती.

किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलेली जागा आहे. आत ओळीने खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यावर बांबूची पालथी टोपली. शेजारी छोटी पाटी, तिच्यावर अंडी आणल्याची तारीख आणि अंडी किती ते. रात्री मादी येऊन अंडी घालून गेली की गावातले कासवमित्र पहाटे तिचा माग शोधतात आणि अंडी इथे आणून पुरतात. बाहेर राहिली तर कुत्री, कोल्हे उकरतात.

सकाळी सातला टोपल्या उचलायला लागले. पहिल्या चार खाली काहीच नव्हतं. पाचवीवर १४ जानेवारी लिहिलेलं होतं, म्हणजे आपल्याकडे संक्रांत होती त्या रात्रीची अंडी. टोपली उचलली तर वाळू मधोमध वाटीसारखी खचलेली. टोपल्या उचलणारे कासवमित्र दादा म्हणाले, थांबा. वाळूचे चार कण हलले, मग एक काळपट नाक वर आलं, मग एक पंख. त्यानंतर एकामागून एक अशी निघायला लागली की मोजणी चुकली. पिल्लू माझ्या तळहाताच्या निम्म्याहून लहान. सोडल्यावर पाण्याच्या दिशेने निघालं की वाळूवर दोन्ही बाजूंनी बारीक नक्षी उमटत जाते, ट्रॅक्टरच्या चाकाची असते तशी. एक पिल्लू अर्ध्या वाटेत मान टाकून पडलं होतं. त्याला उचलून ओल्या वाळूत ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. तेव्हा गेलं.

लेकीने दादांना विचारलं, यात मुलगे किती आणि मुली किती? ते म्हणाले, "बाहेरून कळत नाही बाळा. आणि यांचं आईच्या पोटात ठरतच नाही, वाळूत ठरतं. वाळू गार राहिली तर नर, तापली तर मादी." मग आम्ही कुठले ते विचारलं. सोलापूर म्हटल्यावर म्हणाले, "मग ऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. मार्चचा पहिला आठवडा, सकाळी नऊ वाजता त्या वाळूवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. दरवर्षी ऊन असंच चढत गेलं तर या टोपल्यांखालून काय निघणार? इथे कोणी जाणकार असेल तर सांगा. लेकीने सगळ्या पाट्यांचे फोटो काढून आणलेत आणि रोज नवीन प्रश्न विचारते आहे.

---

होटगीकर
१० मार्च, सकाळी ७.४०

ताई, छान लिहिलंत. पण मनातलं बोलतो, राग मानू नका.

समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटर. आपल्या नान्नजला माळढोक होता. माझे वडील सांगायचे, वडाळ्याच्या बाजूला जाताना रस्त्यावरून दिसायचा. १९७९ साली अभयारण्य झालं. आज तो पक्षी दिसलाच तर पेपरात बातमी येते. जे आपल्या दारात होतं ते आपल्याच्यानं राखणं झालं नाही आणि आपण कोकणातल्या कासवांची चिंता करतोय. मला यात कुठेतरी चुकल्यासारखं वाटतं.

---

भीमाकाठ
१० मार्च, दुपारी ३.०५

मी इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आधी ताईंच्या प्रश्नाकडे येतो, होटगीकरांचं म्हणणं मनात ठेवलंय.

त्या दादांनी सांगितलं ते बरोबर आहे. माणसात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर, गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. समुद्री कासवांना लिंग ठरवणारी वेगळी गुणसूत्रंच नाहीत. अंडी वाळूत साधारण ४५ ते ६० दिवस उबतात. त्याचे तीन भाग केले तर मधल्या भागात वाळू किती गरम होती यावर सगळा निकाल लागतो. ऑलिव्ह रिडले म्हणजे आपल्या कोकणात येणारं कासव. त्याच्या बाबतीत २९-३० अंशांच्या आसपास नर आणि माद्या साधारण सारखे निघतात. त्याच्या वर दोन-तीन अंश गेलं की जवळपास सगळ्या माद्या, तेवढंच खाली आलं की जवळपास सगळे नर. घरटं ३४-३५ च्या पुढे बरेच दिवस राहिलं तर अंड्यातला जीवच जातो. त्याच्या थोडं अलीकडे जगली तरी पिल्लं लहान आणि अशक्त निघतात. ताईंनी अर्ध्या वाटेत पडलेलं पाहिलं ते कशाने थकलं होतं हे एका पिल्लावरून सांगता येणार नाही. पण तापलेल्या घरट्यातली पिल्लं चालायला आणि पोहायला कमी पडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

हे तापमान हवेचं नाही. दीड फूट खोल वाळूचं आहे. तिथे दुपारचं ऊन लगेच पोहोचत नाही, रात्रीचा गारवाही लगेच पोहोचत नाही. आठ-पंधरा दिवसांची सरासरी तिथे साठत जाते. म्हणून एखादा कडक दिवस बाधत नाही, पंधरा दिवसांची लाट बाधते. शिवाय शंभर-सव्वाशे अंडी एका जागी असली की वाढणारे जीव स्वतःही उष्णता सोडतात. शेवटच्या दिवसांत घरट्याच्या मधोमध आजूबाजूच्या वाळूपेक्षा जास्त ऊब असते.

हिंदी महासागराच्या उष्ण भागात पाण्याच्या वरच्या थराचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने वाढलं. ऐकायला १ अंश फार वाटत नाही. पण वर जो नर-मादीचा हिशेब सांगितला तो सगळा चार-पाच अंशांतच संपतो, हे लक्षात घ्या.

जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या हिरव्या समुद्री कासवांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेकडच्या तापलेल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. दक्षिणेच्या थोड्या गार किनाऱ्यांवर हेच प्रमाण ६५ ते ६९ टक्के होतं. कासव तेच आणि समुद्रही तोच, फरक फक्त वाळूच्या उन्हाचा.

आता लेकीसाठी एक काम. वाळू जितकी गरम तितकी पिल्लं लवकर निघतात. म्हणजे थर्मामीटर नसला तरी पाटीवरची तारीख आणि पिल्लं निघाल्याची तारीख यांच्यामधले दिवस मोजले की वाळू किती तापली होती याचा अंदाज येतो. १४ जानेवारीची टोपली ७ मार्चला उघडली. किती दिवस झाले, तिलाच विचारा.

---

मृदगंध
१० मार्च, रात्री ८.५०

सर, ती बावन्न म्हणाली. बोटांवर मोजून, दोनदा. आता बाकीच्या पाट्यांच्या मागे लागली आहे.

---

रश्मी_बाळीवेस
१० मार्च, रात्री ९.२०

मला एक समजत नाहीये. माद्या जास्त झाल्या तर अंडी जास्त होतील ना? मग संख्या वाढेल. यात वाईट काय?

---

भीमाकाठ
११ मार्च, सकाळी ६.३०

रश्मीताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. शास्त्रज्ञांनीही तो विचारलाय. थोड्या माद्या जास्त असणं हे कासवांत पूर्वीपासून आहे आणि त्यांना ते चालतं. एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून ६०-७० टक्के माद्या असल्या तर लगेच घाबरायचं कारण नाही, काही काळ अंडी वाढल्याचंही दिसेल.

अडचण पुढे आहे. नर फारच कमी झाले की अंडी येतील पण फळणार नाहीत. जी फळतील ती थोड्याच नरांची असतील, म्हणजे सगळं रक्त एकाच घरातलं. आणि हे आपल्याला फार उशिरा कळणार. आज निघालेलं पिल्लू अंडी घालायला परत येईल ते बारा-पंधरा वर्षांनी. हजार पिल्लांतलं एखादंच तेवढं जगतं असं मानतात. आज वाळूत जी चूक होते आहे तिचा हिशेब ताईंची लेक पंचविशीत असताना लागेल.

---

सांगोल्याचा डाळिंबवाला
११ मार्च, दुपारी १.१५

नमस्कार मंडळी. कासवाचं मला काय माहीत नाही, पण उन्हाचं चांगलं माहीत आहे.

आमच्याकडं डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडायचा. एका बाजूनं फळ काळं पडतंय, बाजारात कोण घेत नाही. आता लोक बागेवर शेडनेट टाकायलेत, कोण फळाला कापड बांधायलंय. दहा वर्षांत हे वाढत गेलं बघा, आधी एवढी गरज नव्हती. तर मी विचारतो, त्या खड्ड्यांवर नेट टाकत नाहीत का? खर्च काय फार नाही.

टाकत असतील तर एक सांगतो, अनुभवानं शिकलोय. नेट जमिनीला चिकटून टाकलं तर खाली ऊब कोंडती, फायदा होण्याऐवजी तोटा होतो. पुरुषभर उंच बांधायचं, चारी बाजू मोकळ्या, वारं खेळलं पाहिजे. आणि किती टक्क्याचं नेट हे बघून घ्यायचं. फार दाट घेतलं तर झाडाला ऊनच मिळत नाही, फळाला रंग येत नाही. तसंच कासवाचं असणार, फार गार पण चालणार नाही ना सर?

आणखी एक. माती ओली असली की तापायला वेळ लागतो. संध्याकाळी शिंतोडा मारला तर?

---

भीमाकाठ
११ मार्च, रात्री १०.००

दादा, नेट बांधून सावली करणं हाच सगळ्यात साधा उपाय आहे. जगात बऱ्याच ठिकाणी करतात. पाणी शिंपडूनही वाळू गार होते, त्याचेही प्रयोग झालेत. पण पाणी बेताने, कारण अंड्याच्या कवचातून हवा आत-बाहेर होत असते. वाळू चिंब झाली की आतला जीव गुदमरतो.

"फार गार पण चालणार नाही ना" हे तुम्ही बरोबर पकडलंत. सगळी घरटी सावलीत घेतली आणि वाळू २७ अंशांवर आणून ठेवली तर आपणच सगळे नर करून ठेवू. म्हणून सावली करण्याआधी वाळूत तापमान मोजणारं यंत्र पुरून ठेवावं लागतं. न मोजता उपाय करण्यात धोका आहे.

हे दीड-दोन महिने हवेचा अंदाज नव्हे, वाळूचा अंदाज ठेवणारी माणसं लागतात. आणि ती गावातलीच असतात.

---

रश्मी_बाळीवेस
१२ मार्च, सकाळी ११.१०

सर, मग अंडी घरात आणून मशीनमध्ये का उबवत नाहीत? माझ्या माहेरी कोंबड्यांचं मशीन आहे. साडेसदतीस अंशांवर लावलं की एकविसाव्या दिवशी पिल्लं. तापमान हवं तसं ठेवता येतं.

---

भीमाकाठ
१२ मार्च, रात्री ९.४५

कोंबडीचं अंडं दिवसातून चार-पाचदा फिरवावं लागतं ना? मशीन ते आपोआप करतं. कासवाच्या अंड्याचं अगदी उलट आहे. घातल्यावर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की तो मरतो. म्हणून कासवमित्र पहाटेच धावपळ करतात. अंडी जशी होती तशी उचलायची, न हलवता आणायची, आणि मादीने जेवढ्या खोलीवर घातली तेवढाच खड्डा, तसाच आकार, वर निमुळता आणि खाली सुरईसारखा फुगीर, करून ठेवायची.

प्रयोगशाळेत उबवतातही, अभ्यासासाठी. पण मादी मोठी झाल्यावर आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परत येते. ती दिशा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून धरते असं दिसतं. ती जन्मभूमीची खूण पिल्लू वाळूतून निघून पाण्यात जातानाच घेत असावं असं मानतात. म्हणून शक्य तोवर किनाऱ्यावरच, वाळूतच.

---

आंजर्लेची लेक
१२ मार्च, रात्री ११.३०

तीन दिवस वाचते आहे, आता राहवत नाही. माहेर आंजर्ल्याचं, सासर सोलापूर, एकवीस वर्षं झाली.

माझ्या लहानपणी कासवाची अंडी लोक खायचे. लपवून काय ठेवायचं. कोणाला माग दिसला की काठी घेऊन वाळूत खुपसत जायचा, काठीला ओल लागली की तिथे उकरायचा. टोपलीभर अंडी घरी यायची. कासव वाचवायचं असतं हे मला पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा भावाने सांगितलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला काम सुरू केलं, मग आसपासच्या गावांतून ते पसरलं. जी माणसं अंडी काढायची त्यांच्यातलेच काही जण आज रात्री-बेरात्री किनारा फिरतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मला या लोकांबद्दल फार वाटतं.

पण ऊन एवढंच नाही. आमच्या घरासमोरची पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मी लहान असताना एवढी रुंद होती की ओहोटीला पाण्यापर्यंत जायचं म्हणजे दम लागायचा. आता उधाणाचं पाणी सुरूच्या बुंध्याला लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, सुरूचं बन आडवं झालं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. जून येईस्तोवर बहुतेक घरटी रिकामी झालेली असतात, पण मे महिन्यात उशिराची थोडी राहिलेली असतात. त्यांच्यावर पाणी चढलं की संपलं. आणि वादळ वाळू घेऊन जातं ते वेगळंच. पुढच्या हंगामात मादी येते तेव्हा तिच्या ओळखीचा उंचवटा तिथे नसतो.

धूप थांबवायला मग दगडाचे बंधारे घालतात. घर वाचवायला ते लागतात, मी नको म्हणत नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका पहाटे मी भावाबरोबर गेले होते. शेजारच्या एका किनाऱ्यावर माग दिसला. समुद्रातून सरळ वर आलेला, बंधाऱ्याच्या दगडापर्यंत. दगडाला लागून थोडी वाळू उकरलेली. मग तिथूनच वळून परत समुद्रात. अंडी नाहीत. तिने कुठे घातली असतील? भाऊ म्हणाला, कधी कधी पाण्यातच टाकतात. मी तिथे किती वेळ उभी होते मला आठवत नाही.

पूर्वी समुद्र आत आला की पुळणही आत सरकायची. आता मागे रस्ता आहे, बंधारा आहे, लॉज आहेत. पुळणीला सरकायला जागाच नाही.

---

अक्कलकोट रोड
१३ मार्च, सकाळी ८.००

कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलोय की कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. महादेवाच्या देवळात नंदीपाशी दगडाचं कासव असतं, त्याला हात लावूनच आत जातो. खऱ्या कासवाबद्दल एवढं पहिल्यांदाच वाचतोय.

---

भीमाकाठ
१३ मार्च, दुपारी ४.२०

मादी अंडी घालते, मागच्या पंखांनी वाळू ओढून अंगाच्या भाराने थापून दाबते आणि निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे येत नाही. घालताना डोळ्यांतून पाणी येतं, ते जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचं. पुढचे पन्नास दिवस त्या अंड्यांना फक्त वाळूची ऊब.

आंजर्लेची लेक, तुमचा माग वाचून मीही थोडा वेळ काही लिहू शकलो नाही. तुम्ही म्हणता ते अभ्यासकांचंही म्हणणं आहे. कासवं दहा कोटी वर्षांपासून आहेत, हिमयुगं पाहिलीत त्यांनी. तेव्हा समुद्र वर-खाली झाला की किनारे सरकत गेले आणि कासवं त्यांच्याबरोबर सरकली. आता बदलाचा वेग जास्त आहे आणि किनारा अडवलेला आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. सपाट पुळणीवर उभी एवढी वाढ म्हणजे आडवी कितीतरी जास्त वाळू जाते.

---

होटगीकर
१४ मार्च, सकाळी ९.१५

चार दिवस विचार केला. माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, माळढोकाचं दुःख खरं आहे. पण त्यातूनच एक प्रश्न सुचला. भीमेतल्या कासवांचं काय? औज बंधाऱ्याच्या बाजूला मऊ पाठीची मोठी कासवं असायची. त्यांनाही ऊन बाधतं का?

---

भीमाकाठ
१४ मार्च, रात्री ९.००

फार चांगलं विचारलंत. भीमेत मऊ पाठीची कासवं आहेत. या कुळातल्या कासवांना लिंग ठरवणारी गुणसूत्रं असतात. म्हणजे वाळू तापली म्हणून त्यांच्यात नर कमी होणार नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. ती काठावरच्या वाळू-मातीत अंडी घालतात आणि काठ उपसून नेला जातो. शिवाय चोरून धरतात. कासव धरणं, विकणं गुन्हा आहे, समुद्रातलं असो की भीमेतलं.

चारशे किलोमीटरचं म्हणालात, ते पश्चिमेला. आपलं पाणी पूर्वेला जातं. उजनी, पंढरपूर, मग रायचूरकडे कृष्णेला मिळतं. पुढे जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर करत हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात. तिथल्या किनाऱ्यावरही याच ऑलिव्ह रिडलेच्या माद्या अंडी घालतात. वाटेत धरणं आहेत, आपण टाकलेलं सगळं तिथवर जात नाही. पण जो समुद्र आपल्या नदीचा शेवट आहे तिथेही हीच कासवं आहेत.

आणि दोन्ही किनाऱ्यांतलं अंतर ती स्वतः कापतात. २०२१ साली ओडिशात जिच्या पंखाला खुणेची पट्टी लावली होती ती मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. त्याच वर्षी ओडिशात ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर सुमारे ७ लाख माद्यांनी अंडी घातली. कोकणात तशा झुंडी येत नाहीत, एकेकटी येते. म्हणून इथलं प्रत्येक घरटं मोलाचं.

---

होटगीकर
१४ मार्च, रात्री ९.४०

हंसलदीवीचं माहीत नव्हतं. माझ्या आजीच्या अस्थी आम्ही पंढरपूरला चंद्रभागेत सोडल्या. एवढंच लिहितो.

---

मृदगंध
१० एप्रिल, रात्री ९.३०

धागा खाली गेला होता, वर आणते आहे, कारण सांगायला काही तरी आहे.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या काकूंशी लेकीची गट्टी जमली. त्यांचा मुलगा कासवमित्रांबरोबर असतो. लेकीने फोटोतल्या पाट्यांची यादी करून त्यांना पाठवली आणि प्रत्येक टोपलीतून पिल्लं कधी निघाली ते विचारलं. त्यांच्याकडे वही असते, सगळं लिहिलेलं. ते रोज संध्याकाळी सवड काढून उत्तर द्यायचे. आमच्या आधीच्या टोपल्यांच्याही तारखा त्यांनी दिल्या.

११ डिसेंबरची अंडी ६ फेब्रुवारीला निघाली होती, म्हणजे सत्तावन्न दिवस. आमच्या समोर निघालेली संक्रांतीची बावन्न. २० फेब्रुवारीची परवा, ८ एप्रिलला निघाली. सत्तेचाळीस.

हिने तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि माझ्याकडे वही आणून म्हणाली, "आई, मुलगे पहिल्या टोपलीत असतील." मी सरांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, अंदाज म्हणून बरोबर आहे. थंडीतल्या घरट्यांतून नर निघण्याची शक्यता जास्त, उन्हाळ्याकडे सरकलेल्यांतून माद्याच जास्त. एका हंगामावरून, तीन टोपल्यांवरून काही सिद्ध होत नाही हेही त्यांनी सांगितलं. ते मी तिला समजावलं.

पण मला त्यातून एक दिसलं ते लिहिते. आपण सगळे मार्चमध्ये जातो, कारण तेव्हा कासव महोत्सव असतो, पिल्लं हमखास दिसतात, परीक्षा संपत आलेल्या असतात. सगळ्यांचं लक्ष त्याच टोपल्यांवर. आणि नर ज्यांतून निघायची आशा आहे ती नोव्हेंबर-डिसेंबरची घरटी. तेव्हा किनाऱ्यावर पर्यटक नसतात, गावातले चार जण थंडीत एकटे फिरत असतात. थंडी उशिरा पडायला लागली, डिसेंबरही उबदार गेला, तर त्या थोड्या घरट्यांचंही काही खरं नाही.

---

सांगोल्याचा डाळिंबवाला
१० एप्रिल, रात्री १०.०५

ताई, पोरीनं फार मोठं काम केलं. खरंच सांगतो. माझ्याकडं मातीत खुपसायचा थर्मामीटर आहे, लांब दांडीचा, हातभर खाली जातो. डाळिंबाला मी आणखी एक घेणार आहे, तर हा तिकडं द्यायचा का? त्यांना चालेल का विचारा. नेटचे तुकडेपण आहेत चांगले, पन्नास टक्क्याचे, पण सर म्हणतात तसं आधी मोजू देत.

---

आंजर्लेची लेक
१० एप्रिल, रात्री १०.३०

थर्मामीटर देण्याआधी वनखात्याच्या माणसांना विचारायला लागेल, परस्पर घरट्यात काही खुपसायचं नसतं. कुंपणातल्या रिकाम्या वाळूत, घरट्यापासून लांब लावायला बहुतेक हरकत नसावी. भावाला उद्याच विचारते. आणि मृदगंधताई, डिसेंबरात माहेरी कोणी येत नाही म्हणून आई कायम कुरकुरते. या.

---

मृदगंध
११ एप्रिल, सकाळी ७.१०

डिसेंबरात शाळा आहे. पण डिसेंबरच्या टोपल्या जानेवारीअखेरपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उघडतात, असं वहीवरून दिसतंय. गड्ड्याची यात्रा आटोपली की निघता येईल. आमच्या गाडीत तीन जागा आहेत. एक होटगीकर काकांना धरली आहे, त्यांनी काल फोनवर हो म्हटलंय. पहाटे चारला निघायचं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी घेते. लेकीची नवी वही आणून झाली आहे, पहिल्या पानावर तिने रकाने आखलेत: अंडी आणली ती तारीख, पिल्लं निघाली ती तारीख, दिवस, आणि चौथा रकाना वाळूच्या तापमानाचा. तो अजून कोरा आहे.